परीक्षेचा डोझर

ऐकायला कोणी थांबले असेल तर सांगतो. मी एक डोझर आहे. शहरातले लोक बुलडोझर म्हणतात, पण ज्यांनी मला चालवले त्यांच्या तोंडी डोझर एवढेच नाव होते. बंगळूरबाहेर व्हाइटफील्डच्या रस्त्यावरून आत वळले की निलगिरीच्या झाडांमागे भगवंतरावांचे यार्ड लागते. त्याच्या मागच्या कोपऱ्यात मी डाव्या बाजूला कलून उभा आहे. असे कलून उभे राहणे मला आवडत नाही, पण आवडीनिवडीचे दिवस आता गेले.

माझे आयुष्य सांगण्यासारखे आहे का, याची मला खात्री नाही. मी डोंगर फोडले नाहीत, धरणे बांधली नाहीत. मी परीक्षा घेतल्या. खाणीत डोझर चालवायला जाणारी माणसे आधी माझ्यावर बसत. मी नीट वळलो तर ती खाणीत जात, आणि मी अडलो तर घरी जात. यातली गंमत अशी, की मी स्वतः खाण कधी पाहिलेली नाही. तिथला लाल डोंगर, त्याच्या पायऱ्या, वरच्या काठावरून ढकललेली माती खाली कशी घरंगळते, हे सगळे मी इतरांच्या बोलण्यातून ऐकले. ज्याने खाण पाहिली नाही त्याने खाणीसाठी माणसे पारखावीत, हे कितपत योग्य? हा प्रश्न मला फार वर्षे छळतो. पूर्वी इंजिनाच्या आवाजात तो बुडून जात असे.

माझा जन्म कोलारकडच्या एका कारखान्यात झाला. जन्म म्हणजे जोडणी. पायांना पोलादी चेन चढवली, समोर रुंद ब्लेड बसवले, पिवळा रंग दिला आणि एका माणसाने खडूने पाठीवर ‘ओके’ असे लिहिले. तो खडू लवकरच पुसला गेला. त्यानंतर माझ्याबद्दल इतक्या निःशंकपणे कोणी काही लिहिले नाही.

तरुणपणी मी इंदिरानगर सपाट केले. आज तिथे बंगले आणि दुकाने आहेत. तेव्हा नाचणीची शेते आणि मोठमोठी वारुळे होती. रविवारी साहेब लोक छत्री घेऊन आपापला प्लॉट बघायला येत. नवरा पावले टाकून जमीन मोजी, बायको एका जागी उभी राहून म्हणे, “इथे स्वयंपाकघर.” तिथे अजून उंचवटा असे. मी जाऊन तो काढत असे. माणसांना नसलेली भिंत इतकी स्पष्ट दिसते, याचे मला नवल वाटे. मला फक्त माती दिसे.

पुढे ज्या सरकारी खात्याचा मी होतो त्याला नवे डोझर मिळाले आणि माझा लिलाव झाला. भगवंतरावांनी मला घेतले ते नव्वद सालाच्या आसपास. त्यांचे घराणे कित्येक पिढ्यांपूर्वी मराठी मुलखातून बंगळूरला आलेले. घरात मराठी, ओसरीवर कन्नड, आणि रागावले की दोन्ही. होस्पेट आणि संडूरकडच्या लोखंडाच्या खाणींना ऑपरेटर पुरवणे हा त्यांचा धंदा. खाणवाल्यांना माणसे लागत, माणसांना कामे लागत, आणि दोघांच्या मध्ये मी उभा असे. कारण डोंगराच्या काठावर चुकीचा माणूस बसला, तर तो स्वतः जातो, यंत्र घेऊन जातो, आणि खाली कोणी असेल तर त्यालाही नेतो.

डोझर चालवला आहे असे खोटे सांगणारा माणूस मला पायावरून कळे. माझे एक पेडल वेगळे आहे. मोटारीत पेडल दाबले की गाडी पळते. माझ्यात हाताच्या दांडीने इंजिनाचा जोर ठरवून ठेवायचा असतो, आणि पेडल दाबले की मी मंद होतो. ज्याने फक्त लॉरी किंवा ट्रॅक्टर चालवला आहे तो माझ्यावर बसतो, जोरात पेडल दाबतो, आणि मी मान टाकतो. मग तो आणखी जोरात दाबतो. मला त्याची दया येई. खाली उभे असलेले हसत. कोणी म्हणे, “अण्णा, ती म्हैस नव्हे, टाचा नका मारू!” तो बिचारा घामाघूम होऊन उतरे आणि यंत्र बिघडले आहे असे सांगे. मीच बिघडलो असेन, असे मलाही क्षणभर वाटे.

काही जण चढण्यापूर्वी माझ्या चेनला हात लावून तो कपाळाला लावत. काही आधी सीट पुसत. आखातात काम करून आलेला एक जण वर बसला आणि पंखा कुठे आहे विचारू लागला. या सगळ्यांचे तळहात मात्र सारखेच ओले असत. परीक्षेला बसलेल्या माणसाचा तळहात मी चांगला ओळखतो.

परीक्षेचा निकाल पद्माकर सर देत. ते मूळचे पुण्याचे, सरकारी कारखान्यात इंजिनियर होते, निवृत्त होऊन इंदिरानगरात राहत. माझ्या पोटातले गिअर कसे फिरतात हे त्यांना तोंडपाठ होते. पण इतके शिकलेला माणूस इतका घाबरट मी पाहिला नाही. एखाद्याला पास केले की ते अर्धा तास अस्वस्थ असत, आणि नापास केले की त्याहून जास्त. शेवटी ते उमाजीला हळूच विचारत, “बरोबर केलं ना रे मी?”

उमाजी म्हणे, “सर, पास तर पास, नापास तर नापास. आता डबा उघडा, भात गार होतोय.”

हा उमाजी यार्डातला इशारेवाला. ऑपरेटरला ब्लेडपुढची जमीन दिसत नाही, म्हणून बाजूला उभे राहून हाताने आणि तोंडाने सांगणारा माणूस लागतो. तो उमाजी. तोही भगवंतरावांसारखाच इथल्या जुन्या मराठी घरातला. डब्याला बसला की मराठी बोले, आणि चहा घेताना आजीच्या गोष्टी सांगे. कामावर उभा राहिला की कन्नड. हे तो ठरवून करत नसे. त्याची एक भाषा घरची होती आणि एक कामाची, आणि दोन्हींच्या मधला उंबरठा त्याला स्वतःला दिसत नसे.

आता खंडोजीची गोष्ट सांगतो. मला सांगायची आहे ती एवढीच.

दसऱ्याच्या महिना-दीड महिना आधी खंडोजी आला. सांगलीकडे कालव्याच्या कामावर त्याने डोझर चालवला होता. काम थांबले, डोझर निघून गेले, आणि तो बायकोला घेऊन बंगळूरला मेव्हण्याकडे आला. राजाजीनगरात मेव्हण्याचे दोन खोल्यांचे घर. मेव्हण्याने त्याला एका कारखान्याच्या फाटकावर रखवालदार म्हणून चिकटवले. परीक्षेला तो त्याच खाकी पँटवर आला होता. सकाळी चहाच्या वेळी उमाजीची मराठी ऐकून त्याचा चेहरा उजळला.

“तुम्ही मराठी?”

“मग काय तुर्की?” उमाजी म्हणाला. “आमचे लोक इथे आले तेव्हा तुमची सांगली होती का नाही कोण जाणे.”

खंडोजी हसला. मग कप खाली ठेवून म्हणाला, “दादा, फाटकावर उभं राहून वर्ष झालं. मोटार आली की दांडी वर, गेली की दांडी खाली. परवा स्वप्नात डोझरचा लिव्हर ओढायला गेलो, तर तीच दांडी. हात विसरायला लागलेत. आज नाही झालं तर बायकोचा भाऊ म्हणतो, युनिफॉर्मचा दुसरा जोड शिवून घे.”

उमाजीने त्याच्या पाठीवर थाप मारली. “होईल. मी आहे ना बाजूला.”

तो चढला. आधी खाली वाकून त्याने माझी चेन किती सैल आहे ते पाहिले, तेलाची काडी काढून पाहिली. मग बसला. त्याने पेडलवर पाय ठेवला तो नुसता टेकवून. लिव्हर धरणारे ते हात विसरलेले मुळीच नव्हते. इतक्या वर्षांत माझ्यावर फार थोडे जण असे बसले. मला वाटले, हा जाणार खाणीत. असे वाटणे माझ्या स्वभावात नाही, म्हणून मुद्दाम सांगतो.

यार्डाच्या मागे दगड काढून उरलेली एक जुनी खाच आहे, खोल, पाणी साचलेली, कडेने घाणेरीची झुडपे. परीक्षेतला शेवटचा भाग तिथे असे. माती ढकलत काठापर्यंत न्यायची आणि काठावर तिचा बांध सोडून मागे यायचे. खाणीतही हेच काम. काठ कुठे आहे ते चुन्याच्या रेघेने दाखवलेले असे. त्या दिवशी गुरुराज स्वतः आला होता. तो खाणीचा अधिकारी, बेळगावकडचा, मोडके मराठी बोलणारा. पास झालेल्यांना तो त्याच दिवशी जीपमधून घेऊन जाणार होता.

आदल्या आठवड्यात पाऊस जोराचा झाला होता. चुन्याची रेघ होती तिथेच होती. पण तिच्या खालची माती आतून वाहून गेली होती. ते वरून कोणाला दिसत नव्हते. मी माती ढकलत पुढे निघालो. उमाजीला एकदम जमिनीत भेग दिसली. तो हात खाली करून जमिनीकडे दाखवत ओरडला:

“हळ्ळ! हळ्ळ!”

कन्नडमध्ये हळ्ळ म्हणजे खड्डा. खंडोजीच्या कानावर इंजिनाच्या आवाजातून आला तो मराठी शब्द. हळू, हळू. चहा पिताना मराठी बोलणारा माणूस, खाली केलेला हात, हळू. त्याने पेडल दाबले. फार सुरेख दाबले. मी मंद झालो आणि हळूहळू, अगदी सांगितल्यासारखा, भेगेवर गेलो.

जमीन गेली. माझे नाक खाली झाले. खंडोजीने त्या क्षणी ब्लेड खाली टाकले, ते उतारावरच्या एका दगडात रुतले, आणि मी तिथे लटकलो. त्याचे कपाळ दांडीवर आपटून फुटले. माझ्या डाव्या बाजूला पोटात काहीतरी तडकले. तेल गळायला लागल्याचे मला कळले, आणि हेही कळले की हे भरून येणारे नाही.

त्याला वर काढून बाकावर बसवले. कोणीतरी हळद आणली. भगवंतराव माझ्याकडे पाहत उभे होते.

“काय रे हे! स्वल्प बघून चालवायचं नाही का? माझा डोझर घातलास की खाली!”

उमाजी पुढे आला. “अण्णा, मी ओरडलो. दोनदा ओरडलो.”

“ओरडलात,” खंडोजी कपाळावर फडके दाबून म्हणाला. “हळू म्हणालात. मी हळू केला.”

“हळू? मी कधी हळू म्हणालो? हळ्ळ म्हणालो, हळ्ळ!”

“तेच की. हळू.”

बाकीचे उमेदवार हसायला लागले. एक जण म्हणाला, “कान तपासा त्याचे.” दुसरा म्हणाला, “सकाळी काय घेऊन आलास रे?” खंडोजी कोणाकडे न बघता आपल्या खाकी पँटवरचे रक्त पुसत होता. गुरुराजने हात झटकले. “नको हो हा. कान नाही ह्याला. दुसरा बघा.”

तिथे गोष्ट संपायची. पण पद्माकर सर बाजूला उभे होते, आणि त्यांचे ओठ हलत होते. त्यांनाही हळू असेच ऐकू आले होते. पण हे सांगायचे म्हणजे आणखी एक गोष्ट सांगावी लागणार होती. पंचवीस वर्षे बंगळुरात काढून त्यांना भाजीवाल्याशी बोलण्यापुरतेच कन्नड येत होते. ‘स्वल्प’ म्हणजे थोडे आणि ‘सरी’ म्हणजे ठीक, यांच्यापुढे ते गेले नव्हते. यार्डात कोणाला हे ठाऊक नव्हते. उमेदवार कन्नडमध्ये काही बोलले की ते मान हलवत.

“गुरुराज,” ते म्हणाले. आवाज इतका बारीक, की त्यांना घसा खाकरून पुन्हा म्हणावे लागले. “गुरुराज, मलाही ‘हळू’ असंच ऐकू आलं. मला हळ्ळ म्हणजे काय ते आत्ता कळलं. मी त्याच्या जागी असतो तर हेच केलं असतं. म्हणजे, मला डोझर चालवता आला असता तर.”

यावर कोणी हसले नाही. भगवंतराव त्यांच्याकडे बघतच राहिले. “सर, तुम्हाला कन्नड येत नाही? मग इतके दिवस मान कशाला हलवत होता?”

“सवयीने,” सर म्हणाले.

गुरुराजने खंडोजीकडे नीट पाहिले. तो वाईट माणूस नव्हता. “तुमचं बरोबर आहे की हो सर,” तो म्हणाला. “त्याची चूक नाही म्हणा. पण वर डोंगरावर काठाला तुम्ही उभे असणार का? आमचा माणूस असणार. तो खड्डा बघून काय म्हणणार? हळ्ळच म्हणणार की. मग ह्याच्या बायकोला जाऊन मी काय सांगू, त्याची चूक नव्हती म्हणून?”

खंडोजीचा दोष नव्हता हे खरे होते, आणि त्याला काठावर बसवू नये हेही तितकेच खरे होते. मी आजवर चांगले आणि वाईट असे दोनच प्रकारचे ऑपरेटर पाहिले होते. चांगला असून न चालणारा पहिल्यांदाच पाहिला.

“दसऱ्यानंतर परत येतो,” गुरुराज जीपमध्ये बसता बसता म्हणाला. “तोवर त्याला ऐकायला शिकवा.”

मला क्रेनने ओढून वर काढले आणि या कोपऱ्यात आणून ठेवले. मेकॅनिकने खाली घुसून पाहिले, बाहेर आला आणि नुसता हात पुसत राहिला. त्यानंतर माझे इंजिन सुरू झालेले नाही.

फाटकावरच्या कामाला सुटी असे त्या दिवशी खंडोजी येऊ लागला. शिकवणी माझ्यावरच. बंद डोझरच्या सीटवर तो बसे, बंद लिव्हर धरी, डोळे मिटी. उमाजी मागे उभा राहून ओरडे. मुंदे म्हणजे पुढे, हिंदे म्हणजे मागे. निल्सु म्हणजे थांबव. पद्माकर सरही येऊन माझ्या चेनवर रुमाल अंथरून बसत. त्यांनाही शिकायचे होते. लाजत लाजत ते शब्द पुटपुटत.

“एडक्के!” उमाजी ओरडला.

खंडोजीने डोळे उघडले. “येडं कोणाला म्हणता?”

“अरे, एडक्के म्हणजे डावीकडे!”

“आणि बलक्के म्हणजे जोर लावायचा,” सर आत्मविश्वासाने म्हणाले.

“बलक्के म्हणजे उजवीकडे, सर. जोर लावाल तर सरळ खाचेत जाल.”

तिघे हसत. मीही हसलो असतो. माझी गात्रे गोठली होती, खंडोजीच्या हातातले लिव्हर कशालाच जोडलेले नव्हते. तरी त्या दुपारी मला मी कामाचा वाटे. मग संध्याकाळी सगळे गेले की वाटे, हे काय चालले आहे? माणसाला खड्ड्यासाठी एक शब्द शिकवला, पण दरड कोसळताना कोणता शब्द येतो? दगड सुटला तर? दोरी तुटली तर? घाबरलेला माणूस कोणत्या शब्दाने ओरडेल हे आधी कोणाला माहीत असते? अख्खी भाषा थोडीच शिकवून होणार होती. मला वाटले, आपण त्याला फसवतो आहोत.

बहुधा उमाजीलाही तसे वाटले असावे, कारण एके दिवशी त्याने शिकवणे बदलले. तो काहीही ओरडू लागला. कधी कन्नड, कधी मराठी, कधी तमिळ, कधी नुसते “हूं!” आणि खंडोजीला म्हणाला, “कळो न कळो, आधी हात काढ, गिअर काढ, ब्रेक दाब. मग मला विचार.” खंडोजी वैतागला. प्रत्येक वेळी थांबायचे म्हणजे काम कधी होणार, म्हणाला. तरी थांबत गेला. एकदा उमाजी शिंकला आणि खंडोजीने दोन्ही ब्रेक दाबले. सर इतके हसले की त्यांचा चष्मा माझ्या चेनमध्ये पडला.

मध्ये आयुधपूजा आली. यार्डातल्या प्रत्येक यंत्राला झेंडू, कुंकू, आणि पुढे फोडलेला कोहळा. यंत्राच्या चेनखाली लिंबे ठेवायची आणि यंत्राने ती चिरडत पुढे जायचे, अशी इकडची रीत. माझ्यापाशी आल्यावर भगवंतराव थबकले. न चालणाऱ्या यंत्राला लिंबू कशाला? ते पुढे गेले. उमाजीने मात्र ठेवली. ती तशीच सुकली.

दसरा झाला आणि गुरुराज आला. भगवंतरावांनी परीक्षेसाठी नवा डोझर भाड्याने आणला होता, चकचकीत, काचेच्या केबिनचा. मी कोपऱ्यातून पाहत होतो. माझा ऑपरेटर दुसऱ्याच्या सीटवर बसला तेव्हा मला जे वाटले, ते सांगायला मला नीट येत नाही. त्या नव्या यंत्राबद्दल माझ्या मनात राग नव्हता. त्याने त्याला नीट घेऊन जावे एवढेच वाटत होते.

हेमलता, खंडोजीची बायको, त्या दिवशी बरोबर आली होती. ती फाटकापाशी पदर धरून उभी होती. पद्माकर सर येरझाऱ्या घालत होते.

खंडोजीने ढीग सपाट केला, काठ नीट बांधला. गुरुराज उमाजीला बाजूला सारून स्वतः इशारेवाल्याच्या जागी उभा राहिला. मुंदे म्हणाला, खंडोजी पुढे गेला. एडक्के म्हणाला, डावीकडे गेला. हळ्ळ म्हणाला, थांबला. सरांनी सुटकेचा श्वास सोडला. गुरुराजने त्याला पुन्हा पुढे घेतले, आणि तो काठाकडे येत असताना एकदम, हात न हलवता, ओरडला:

“कुसीताइदे!”

हा शब्द शिकवणीत कधी आला नव्हता. माती खचते आहे, असा त्याचा अर्थ. उमाजीने डोळे मिटले. सर त्याच्याकडे वळून म्हणाले, “म्हणजे काय? म्हणजे काय रे?”

डोझर थांबला होता. खंडोजीने गिअर काढला होता, ब्रेक दाबले होते, आणि दोन्ही हात लिव्हरवरून उचलून, केबिनमधून अर्धा बाहेर वाकून तो विचारत होता:

“एनु? काय झालं? काय म्हणालात?”

गुरुराज चालत त्याच्यापाशी गेला. “कळलं काय तुला, मी काय म्हणालो ते?”

“नाही साहेब,” खंडोजी म्हणाला. त्याचा चेहरा पडला. आपण पुन्हा चुकलो असे त्याला वाटले होते. “नाही कळलं.”

“मग थांबलास का?”

“नाही कळलं म्हणून थांबलो.”

गुरुराज मागे वळून भगवंतरावांना म्हणाला, “ह्याला नेतो मी. कळून पुढे जाणारे माझ्याकडे पुष्कळ आहेत. न कळता थांबणारा एकही नाही.”

फाटकापाशी हेमलता खाली बसली. तिला वाटले होते की ओरडले म्हणजे नापास. उमाजीने जाऊन सांगितले, “वहिनी, उठा. झालं त्याचं.” ती म्हणाली, “तिथे ह्यांना ओरडून सांगायला कोण असणार भावजी?” उमाजी म्हणाला, “कोणीही ओरडू दे. आता कोंबडा आरवला तरी हा थांबेल.” ती रडत रडत हसली.

जीप निघाली तेव्हा पद्माकर सरांनी सवयीप्रमाणे उमाजीला विचारले, “बरोबर केलं ना रे आपण?” या वेळी उमाजीने त्यांना डबा उघडायला सांगितले नाही. तो रस्त्याकडे बघत म्हणाला, “माहीत नाही, सर.”

मलाही माहीत नाही. खाणीत गेलेल्यांची बातमी माझ्यापर्यंत येत नाही. जे बरे असतात ते कामात असतात. खंडोजी आज कुठल्यातरी लाल डोंगराच्या काठावर माती ढकलत असेल, असे मी धरून चालतो. इतक्या माणसांना मी पुढे धाडले, आणि धरून चालणे एवढेच माझ्या हाती राहिले. कदाचित परीक्षा घेणाऱ्या सगळ्यांचे असेच होत असेल.

भगवंतरावांनी मला भंगारात दिले आहे. उद्या सकाळी गॅसने कापणारे येतील. ब्लेड आधी काढतील, ते जाड पोलाद आहे. मग चेन. मला त्याचे दुःख आहे असे म्हणवत नाही. मी फार दमलो आहे. रोज या कोपऱ्यात कलून उभे राहण्यापेक्षा ते बरे.

जाता जाता एक विनंती करावीशी वाटते. ती करण्याचा माझा अधिकार किती, ते तुम्हीच ठरवा. कोणाला वाचवायला ओरडाल, तेव्हा जमले तर त्याच्या भाषेत ओरडा. मला ठाऊक आहे, त्या क्षणी ते कोणालाच सुचत नाही. उमाजीला सुचले नाही, आणि त्याच्याइतका चांगला माणूस या यार्डात दुसरा नव्हता. म्हणून दुसरी विनंती ऐकणाऱ्याला. कोणी तुमच्याकडे बघून ओरडत असेल आणि तुम्हाला एक अक्षर कळले नसेल, तर मान हलवू नका. लाजू नका. हात काढा आणि विचारा.

कापणारी माणसे आज मला नुसते बघून जायला आली होती, त्यांच्याशी उमाजी आताच फाटकावर बोलला. माझ्या टाकीत थोडे डिझेल उरले आहे. ते आधी काढून घ्या, नाहीतर ज्योत लागताच पेट घेईल, असे त्याने त्यांना कन्नडमध्ये सांगितले. मग थोडा थांबला, त्यांच्या चेहऱ्यांकडे पाहिले, आणि तेच पुन्हा तमिळमध्ये सांगितले.